बाहेरून कुलूप

४ मार्च, मंगळवार

शोधनिबंध परत आला. तिसऱ्यांदा. विभागप्रमुखांनी कंपनीच्या नावाभोवती लाल वर्तुळ काढलंय आणि बाजूला लिहिलंय, 'एक मोठी वस्त्रकंपनी असे म्हणता येईल का?' नाही म्हणता येणार! मोठ्या वस्त्रकंपन्या पुष्कळ आहेत. बायकांना शेडमध्ये कोंडून शिवून घेतलेला माल विकणारी ही एक मला सापडलीय आणि तिला नाव आहे.

'समतोल हवा,' म्हणे. सगळा विभाग त्यांना समतोलराव म्हणतो ते उगीच नाही. आमची नवी संगणक-खोली त्याच कंपनीच्या देणगीतून झाली, ते मात्र तागडीत धरायचं नसतं.

७ मार्च

वर्गात कंपनीचा वार्षिक अहवाल वाचला. 'आमच्या पुरवठा साखळीत सक्तीचे श्रम : शून्य.' विचारलं, हे शून्य आलं कुठून? मागच्या बाकावरून उत्तर — 'मोजलंच नाही तर शून्यच येणार ना, मॅडम.' पोरगी हुशार आहे. कंपनी ओळखते फक्त मोठ्या कारखान्याला. कारखाना कॉलर आणि काजांचं काम बाहेर देतो, त्या पत्र्याच्या शेडमध्ये. शेडमधल्या बायका कुणाच्याच हिशेबात नाहीत.

९ मार्च, रविवार

काजवालीच्या घरी गेले. शर्टांना काजं करते म्हणून काजवाली. खरं नाव इथेही लिहिणार नाही. हिवाळ्यात शेडमधली मोटर जळली तेव्हा ती आतच होती. बाहेरून कुलूप, आणि किल्ली खिशात घालून मुकादम जेवायला गेलेला. धुरात दार बडवत बसल्या सगळ्या. तिचा खोकला अजून गेलेला नाही.

'पगाराचं मागाहून बघू, बाई. आधी ते कुलूप काढा.'

म्हटलं, कंपनीचं नाव छापून आलं की कुलूप आपोआप निघेल.

'नाहीतर कामच निघून जाईल,' ती म्हणाली. मला राग आला. कारण तिचं खरं होतं.

१४ मार्च

मावशी म्हणाली, 'नोकरी घालवशील.' घालवीन, म्हटलं. 'मग माझ्या पेन्शनीत दोघींना भागवावं लागेल. भागवू. पण भांडायचंच तर नीट भांड, अर्धवट नको.' हिच्याकडे राहते हे माझं नशीब.

१८ मार्च

कंपनीचा माणूस विभागात आला. कार्डावर 'जबाबदार व्यवसाय प्रमुख'. मी त्याचं नाव गोडबोल्या ठेवलं. प्रस्ताव असा — ते कुलूप कायमचं काढतील. मी निबंधातून आणि तोंडातून कंपनीचं नाव काढायचं. म्हटलं, दार उघडं ठेवायचा मोबदला मागता? हसला! सरळ दार दाखवलं त्याला. दिवसभर काय बरं वाटत होतं!

१९ मार्च

काजवालीला फुशारकीने सगळं सांगितलं.

'ते कुलूप काढत होते आणि तुम्ही नाही म्हणालात?'

मी तत्त्वाचं काहीतरी बोलले.

'आत आम्ही असतो, बाई.'

२० मार्च

दुसऱ्याच्या जिवावर उदार! दुसरं काय म्हणायचं याला? लाज वाटते.

२४ मार्च

गोडबोल्याला परत बोलावलं. वाकायचंच तर फुकट नाही वाकणार. करार मी लिहिला. कुलूप जाईल, दाराला आतून कडी लागेल. दोन वर्षं शेडचं काम बंद करायचं नाही, कुणालाही काढायचं नाही — काहीही झालं तरी. नाहीतर दोन वर्षांची मजुरी कंपनीने भरायची. कंपनीचा वकील 'काहीही झालं तरी'वर अडून बसला. मी पेनाला टोपण लावलं आणि उठले. मग कबूल झाले.

संध्याकाळी काजवालीला मसुदा वाचून दाखवला. शेवटचं कलम तिने पुन्हा वाचायला लावलं — निबंधाची लेखिका कंपनीचं नाव कुठेही उघड करणार नाही. 'करा सही,' म्हणाली.

२८ मार्च

केली सही. समतोलरावांनी अभिनंदनाला हात पुढे केला. मी पिशवी दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. त्यांनी हात परत नेऊन चष्मा सारखा केला.

२ एप्रिल

शेड पाहून आले. दार सताड उघडं. मुकादम बाहेर स्टुलावर बसून कपाळाला आठ्या घालत होता, बायका खुशाल येत-जात होत्या. काजवालीने मशीनवरून मान वर करून नुसतं पाहिलं.

घरी येऊन निबंधात 'एक मोठी वस्त्रकंपनी' असं टंकलं. संताप संताप झाला. हरले, असं आज पहिल्यांदा लिहिते आहे.

९ एप्रिल

सकाळी मावशीने पेपर पुढ्यात टाकला. पहिल्याच पानावर कंपनीचं नाव! खाली फोटो — शेडच्या उघड्या दारात सगळ्याजणी, प्रत्येकीच्या हातात कंपनीचं लेबल लावलेली कॉलर. काजवालीला फोन लावला. अहो, करार झालाय ना!

'झालाय की. आम्हाला काढता येत नाही, काहीही झालं तरी. आणि गप्प बसायची सही तुमची आहे, बाई. आमची कुणी मागितलीच नाही.'