मोडक्या चिक्कीची पुडी

आबा, तुमची नात रोज संध्याकाळी मला खुर्चीत बसवते आणि माझ्याशी इंग्रजीत बोलते. मला त्यातलं काही कळत नाही, हे तिला माहीत आहे. तिला कळणारं माणूस नकोच आहे. नुसतं एक तोंड पाहिजे, परीक्षकासारखं, न हसणारं, न बोलणारं. "तुझ्यासारखं कडक तोंड अख्ख्या वराळे गावात नाही, आई," म्हणते. बरं म्हटलं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. इंग्रजीची एक वेगळी परीक्षा असते, ती पास झाल्याशिवाय पदवी हातात देत नाहीत. लिहायची तिनं मागंच पास केली, बोलायच्यात नापास झाली. सोमवारी परत आहे, ही शेवटची. चिठ्ठी उचलायची आणि तिच्यावरच्या विषयावर दोन मिनिटं बोलायचं, न थांबता. घरात ही बया दोन मिनिटं गप्प बसत नाही, आणि तिथं म्हणे घशात आवळा अडकल्यासारखी बसून राहिली.

मी बघते ना. एक शब्द चुकला की थांबते, मागं जाते, तो नीट करत बसते, तोवर पुढचं सगळं विसरते. बघता बघता खोलीत गुळाचा वास यायला लागतो. खरंच येतो, गॅसवर काही नसताना. आणि मी लोणावळ्यात, तुमच्या चिक्कीच्या भट्टीवर. दारातून धुकं आत येतंय, कढईतून वाफ वर चाललीय, दोन्ही कुठं मिसळतात ते दिसत नाही. मधे तुम्ही, कंबरेपासून वर. लहानपणी मला वाटायचं, तुम्ही धुक्यावरच उभे असता. तिसरीतनं शाळेतून काढून मला नुकतंच तुमच्या हाताखाली घातलंय. तापलेला पाक दाण्यांसकट ओट्यावर पडतो, तुम्ही लाटणं माझ्या हातात देता. मी लाटते, कडेला तडा जातो, आणि मी लाटणं ठेवून तो सांधत बसते. तेवढ्यात अख्खा घाणा गार होऊन दगड. "अगं ये शहाने, मोडलं तर मोडू दे की! हात कशाला थांबवलास? थांबलीस तितं बसला पाक!" लय रडले मी. मोडकी चिक्की दुकानात जायची नाही, काम करणाऱ्यांनी पुडी बांधून घरी न्यायची, ही भट्टीची रीत. त्या दिवशी आपली पुडी भलतीच मोठी होती. वाटेत तुम्ही ती सोडून माझ्यापुढं धरलीत. "खा. मोडली म्हनून काय कडू झाली व्हय?"

काल मला राहवलं नाही. खुर्चीतूनच ओरडले, "मोडू दे की गं!"

"काय मोडू दे?"

"शब्द. मोडला तर मोडला, तू पुढं लाट."

"आई, परीक्षक बोलत नसतो."

"मग त्याला घरी पाठव. आई सांगतेय. तुकडे आपण घरी आणून खाऊ."

हसली. नवी चिठ्ठी उचलली, मनात वाचली आणि सुरू झाली. अडखळली, ओठ चावला, पण गेली पुढं. त्या बोलण्यातनं एकदम 'लोणावळा' निघालं. मग 'चिक्की'. मग 'आबा'. तुम्ही गेलात तेव्हा ती जन्मली पण नव्हती, तिला तुम्ही माझ्याच तोंडून ठाऊक. आणि आता तुम्ही तिच्या तोंडात, त्या भाषेत फिरत होतात, जिथं मला येता येत नाही. धुक्यात दिसायचात तसेच, अर्धे. काय करत होतात तिथं? माझ्यावर ओरडत होतात? का पुडी सोडत होतात?

मोबाईल वाजला, वेळ भरली. "आई, थांबले का मी?"

"नाही."

"मग?"

"परत बोल."

तिचं तोंड उतरलं. "कुठं चुकलं?"

"परीक्षक सांगत नसतो. बोल परत."

बोलली बिचारी. मग आणखी एकदा. सोमवारी काय होईल ते होईल, पण आता थांबत नाही ती, एवढं मला कळतं. हे सगळं माझ्या तिसरीच्या अक्षरात लिहिलंय, पाठवायचं कुठं? घडी करून डाळीच्या डब्याखाली ठेवीन. तिला वाटतंय, मी सराव करून घेतला. मला तिच्या तोंडून नुसतं 'आबा' ऐकायचं होतं. तिला सांगितलेलं नाही.