हौदातला पाहुणा

उचगाव, फेब्रुवारी ९८

ती. विरूपाक्षअण्णांच्या पायाशी सोमेशचे शरणु शरणार्थी. इकडं मी खुशाल. (खुशाल म्हणजे ताप न्हाय, एवढंच.) तुमचा गुडघा आणि वहिनींचा दमा कसा हाय ते कळवा. तुमची बहीण रत्नव्वा आमच्या लेकीच्या बाळंतपणाला म्हणून तुमच्या हुबळीला आली, ती तिकडंच रमली. नातू आता रांगतोय म्हणे. रांगू दे, त्याच्या मागं माणूस पाहिजेच की. एसटीडी बूथवरून विचारलं, कधी येतीस? म्हणाली, बघू. बूथवाला माझ्या तोंडाकडं बघत बसला.

तर अण्णा, दुसऱ्याकडून कळायच्या आत मीच सांगतो. मी मासे धरायला लागलोय. थांबा, पत्र फाडू नका. आपल्यात घरात अंडं येत न्हाय, मला ठाऊक हाय. पण दुकान बंद करून आलं की कुकर सोडला तर घरात बोलणारं कुणी न्हाय. म्हणून केबल घेतली. तिच्यावर गोरी माणसं गारठलेल्या नदीत कमरेएवढी उभी राहून ट्राउट नावाचा मासा धरतात, त्याच्यासंगं फोटो काढतात आणि परत पाण्यात सोडतात. मारायचं न्हाय, खायचं न्हाय. म्हटलं, हे तर आपल्या धर्मात बसतंय! शेजारचे हंबीरराव पंचगंगेला गळ टाकायला जातात. त्यांच्या कट्ट्यावर माझं बसणं इतकं वाढलं होतं की त्यांनी लगेच नेलं. गांडूळ टोचायला माझा हात होईना, म्हणून कणकेची गोळी लावली. (मीठ घालून मळलेली, सवयीनं.) हंबीरराव हसून आडवे झाले. आणि नेमका माझ्याच गळाला हातभर रोहू लागला.

सोडायचा होता की. पण सोडवेना. बादलीतनं घरी आणला आणि न्हाणीतल्या हौदात ठेवला. जेवायला बसलो तर आत पाणी वाजलं. घरात माझ्याशिवाय कुणीतरी आवाज केला, अण्णा. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. मग भाजी खारट झाली, लाइटबिल जास्त आलं, सगळं त्याला सांगायला लागलो. (मधी बोलत न्हाय, हा एक गुण.) दूध घालणाऱ्या बनाबाईनं एकदा हौदात डोकावलं आणि दुपारपर्यंत गल्लीभर झालं, सोमेशअण्णा बाटले. हंबीरराव तर मसाला वाटूनच दारात हजर.

"खायाचा न्हाय तर ठेवलाय कशाला? पावणा हाय व्हय त्यो?" म्हणाले.

त्यांना कसंबसं वाटेला लावलं, बादली घेतली आणि नदीवर जाऊन मासा सोडला. सरळ निघून गेला. मीच काठावर उगं बसून राहिलो.

आता सगळं ठीक हाय. हौद चिंच लावून घासून घेतलाय, माशाचा वाससुद्धा राहिला न्हाय. नातवाला पापा.

आपला,
सोमेश

ता. क. रत्नव्वाला यातलं काही कळू देऊ नका. घरात मासा आला म्हटल्यावर पहिल्या एसटीनं येईल आणि मला उभा-आडवा घेईल.

आणखी ता. क. पत्र पेटीत टाकायला गेलतो, तसाच परत आलो. अण्णा, सांगा तिला. सगळं सांगा. फक्त हौद घासलाय, तेवढं सांगू नका.