ओलीवर ठेवलेले टाळ

गुरुवार, संध्याकाळ

अपघातानंतर लघवी थांबत नसे, म्हणून आत बसवलेली कृत्रिम झडप आठ वर्षं टिकली. आज नवघरच्या देवळात भजनाला बसलो आणि सतरंजी ओली झाली. घाबरून त्या ओलीवर मी माझे टाळ ठेवले नि निघून आलो. ज्या टाळांवर देवाचं नाव घेतो, तेच! कसं सुचलं मला?

सुमनला सांगितलं. "अहो, झिजली की बदलायची, डॉक्टर म्हणालेच होते ना? उद्या फोन करतेय."

पुन्हा ऑपरेशन. पण टोचतायत ते टाळच.

एवढ्यात भजनीबुवा दारात, हातात धुतलेले टाळ. "सतरंजी मी वाळत घातलीय. बरा होऊन ये नि पुढेच बस. तू नसलास की सगळे बेताल होतात रे."

टाळ अजून ओलेच होते. तसेच देवापुढे ठेवले.