खिशातल्या रोडग्यांचा खुलासा

मेहकर, मंगळवार

आदरणीय साहेबराव व्याही यांना,

तुळशीरामचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळे मजेत आहोत असं पहिल्या ओळीत लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, खरं मानू नका. तिकडे आपली, विहीणबाईंची आणि गोकुळची तब्येत कशी आहे? आपल्या मातोश्री बनाबाई यांच्या पायाला लागलं तर नाही ना? (सहावा रोडगा त्यांच्या अंगठ्यावरूनच गेला. मी पाहिलं होतं, पण त्या वेळी विचारायचं धैर्य झालं नाही.)

फोन करायचा सोडून पत्र काय लिहितो हा माणूस, असं तुम्हाला वाटेल. फोन तीनदा लावला आणि तीनदा मीच कापला, कारण सध्या मला फोनवर रडू येतं. गॅस एजन्सीच्या बाईनं परवा नुसतं 'आपण प्रतीक्षेत आहात' म्हटलं तरी माझे डोळे भरून आले. म्हणून हे पत्र तुमच्या बीबी गावाला येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरजवळ देतोय. तुमच्या वावरातल्या जेवणाला आज नऊ दिवस झाले. आपण लग्नाची तारीख काढायला जमलो होतो, आणि जेवणानंतर तुम्ही कॅलेंडर गुंडाळून बगलेत मारलंत आणि गोठ्याकडे निघून गेलात. तेव्हापासून तुमचा निरोप नाही. रेणुका माझी एकुलती एक मुलगी आहे. गोकुळसारखा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळणार नाही. माझ्यापायी ही सोयरीक मोडली, तर मी स्वतःला तोंड दाखवू शकणार नाही. तेव्हा आता लाज बाजूला ठेवून सगळं खरं सांगतो.

साहेबराव, माझं पोट कापलेलं आहे. दुखत होतं म्हणून नव्हे. वजन कमी करायचं ऑपरेशन असतं, ते मी संभाजीनगरला जाऊन करून आलो. तुम्ही रोडगे खायला बोलावलंत त्या दिवशी त्याला बरोबर चोवीस दिवस झाले होते. माझं वजन एकशे अडतीस किलो होतं (मार्केट यार्डातल्या वजनकाट्यावर एकशे एकेचाळीस, पण तेव्हा खिशात मोटारीचे बेअरिंग होते). डॉक्टरांनी पोटाचे तीन हिस्से काढून टाकले आणि एक ठेवला. तो एका केळ्याएवढा आहे, आणि त्यात केळंसुद्धा मावत नाही.

हे सगळं कशासाठी केलं, तर पाटावर बसता यावं म्हणून. गेल्या वर्षी पुतणीच्या लग्नात भटजींनी 'काका, बसा' म्हणून पाट दाखवला. मी खाली बसायचा प्रयत्न केला आणि अर्ध्यातच अडकलो. धड उभा नाही, धड बसलेला नाही. मग प्लास्टिकची खुर्ची आणली, तर मंगलाष्टकं चालू असताना ती मोडली. फोटोवाल्यानं अख्ख्या लग्नात नीट टिपलेली गोष्ट तेवढी एकच. त्या दिवशी मी ठरवलं, रेणुकाचं कन्यादान मी चार माणसांसारखं खाली मांडी घालून करणार.

तुमच्यापासून का लपवलं, हा तुमचा पुढचा प्रश्न. बोलणीच्या वेळी तुम्ही विचारलं होतं, 'घरात काही दुखणं-बिखणं?' मी छाती ठोकून 'काहीच नाही' म्हणालो. त्यानंतर आठ दिवसांत पोट कापून घेतलं हे कोणत्या तोंडानं सांगणार? शिवाय लोक हसतात. दोन पोळ्या कमी खाल्ल्या असत्या तर फुकटात झालं असतं, असं म्हणतात. (लोकांनी कधी दोन पोळ्या कमी खाऊन पाहिल्यात का, ते विचारायला पाहिजे.) म्हणून घरात आमच्या मंडळी अन्नपूर्णाबाई आणि रेणुका आणि दुकानाशेजारी शिवणकाम करणारे नजीरभाई, एवढ्या तिघांनाच सांगितलं. बाकी सगळ्यांना सांगितलं, तिरुपतीला चाललो.

इथून माझ्या फजितीला सुरुवात झाली. तिरुपतीहून आलेल्या माणसाच्या डोक्यावर केस कसे, असं लोक विचारू लागले. मग मी टाक्यांवर हात धरून न्हाव्याकडे गेलो आणि गोटा करून आलो. त्यानंतर लोक प्रसादाचे लाडू मागायला लागले. लाडू कुठून आणणार? शेवटी अन्नपूर्णाबाईंनी बसस्टँडजवळच्या हलवायाकडून बुंदीचे आणून त्यांचे बारीक तुकडे केले, आणि मी दारात बसून ते वाटले. ऑपरेशनचा सहावा दिवस होता तो. पाण्याखेरीज पोटात काही नाही आणि हातात तुपातली बुंदी. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. आलेली माणसं एकमेकांना म्हणत होती, 'काय भक्ती आहे!'

आता मनाचं सांगतो. टाके दहा दिवसांत बरे झाले, पण मन काही ताळ्यावर येईना. खोकल्याच्या औषधाचं जे झाकण असतं ना, त्या झाकणानं दर पाव तासाला पाणी प्यायचं. मग वरणाचं पाणी, तेही गाळून. साहेबराव, मी बावन्न वर्षं ज्या दिवशी आनंद झाला त्या दिवशी जेवलो आणि ज्या दिवशी दुःख झालं त्या दिवशी जास्त जेवलो. मोटार रिवाइंडिंगचं गिऱ्हाईक वाद घालून गेलं की मी दोन प्लेट भजी मागवायचो आणि राग उतरायचा. आता राग आला की तो तसाच बसून राहतो. त्याला जायला वाटच नाही. एका दुपारी स्वयंपाकघरातून काही आवाज येईना म्हणून पाहायला गेलो, तर या दोघी मायलेकी दाराआड जमिनीवर बसून, बांगड्या वाजू नयेत म्हणून हात आखडून, माझ्या चोरून पिठलं-भाकर खात होत्या. मला पाहून दोघींचे घास थांबले. मग मी रडलो, अन्नपूर्णाबाई रडल्या, रेणुका रडली, आणि पिठलं गार झालं. गार पिठल्याबद्दल मी पुन्हा वेगळा रडलो.

दवाखान्यात एक समजूत घालणारी बाई असते. फार गुणाची आहे. ती म्हणाली, काका, जवळचं माणूस गेल्यावर दुःख होतं तसं हे आहे, ते होऊ द्या, वहीत लिहीत जा. मी वही केली. पहिल्या पानावर 'वांग्याची भाजी' असं लिहिलं आणि पुढे लिहिता आलं नाही. मग जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा काढून, कोणाच्या लग्नात काय वाढलं होतं, ते आठवत बसायचो. हे वेड आहे हे मला कळत होतं. पण रिकामा माणूस काय करणार, आणि मी तर आतूनही रिकामा.

अशात तुमचा निरोप आला, की तारीख काढायला या, वावरात रोडगे करतो. मी नजीरभाईंकडे गेलो आणि डोकं धरून बसलो. ते म्हणाले, 'फिकीर नको करू बे. असा खिसा लावून देतो का तुह्या व्याह्याले खबरच नाही लागत.' त्यांनी माझ्या नेहरू शर्टाला आतून दोन्ही बाजूंनी गुडघ्यापर्यंत पोचणारे खिसे लावले. तूप झिरपू नये म्हणून त्यांना खताच्या पोत्यातल्या प्लास्टिकचं अस्तर लावलं. माप घेताना विचारलं, 'कितीक रोडग्याचं पाह्यजे?' मी म्हटलं, दोनाचं. एखादा माणूस व्याह्याला दोन रोडग्यांपेक्षा जास्त कसे वाढेल, असं मला वाटलं होतं. तुम्हाला मी तेव्हा नीट ओळखत नव्हतो.

पुढचं तुमच्यासमोरच झालं, पण तुम्ही ते पलीकडच्या बाजूनं पाहिलंत, म्हणून अलीकडच्या बाजूनं सांगतो. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले ते कणकेचे जाड रोडगे तुम्ही स्वतःच्या हातानं राख झटकून माझ्या पानात ठेवलेत. तुम्ही तुपाचं भांडं आणायला वळलात की मी रोडगा आत सोडायचो. तुम्ही परत यायचात, रिकामं पान पाहायचात आणि तुमचा चेहरा असा काही उजळायचा, की दुसरा रोडगा नको म्हणायची माझी हिंमत होईना. 'घ्या व्याही, लाजता काऊन?' म्हणून तुम्ही तिसरा वाढलात. चौथ्याला तुम्ही शेजारच्या पंगतीला ओरडून सांगितलंत, 'पाहा बे, याले म्हंते जेवणं!' साहेबराव, गेल्या महिनाभरात माझ्याकडे पाहून कोणी इतकं खूश झालं नव्हतं. त्या खुशीच्या लोभानं मी पाचवा घेतला. सहावा तर मी मागून घेतला. एवढा वेळ माझ्या पोटात फक्त तीन चमचे वरण गेलं होतं, आणि दोन्ही मांड्या भाजत होत्या.

मग पंगत उठून हात धुवायला गेली आणि घरचेच तेवढे राहिलो. मातोश्री बाजेवर बसल्या होत्या. मोठ्यांच्या पाया पडल्याशिवाय तारखेला हात लावायचा नाही, हे आमच्या घरचं वळण. मी वाकलो. नजीरभाईंनी खिसे एकदाच वापरायचे म्हणून कच्च्या टाक्यांनी लावले होते, हे मला तेव्हा कळलं. आधी डावा सुटला, मग उजवा. सहाही रोडगे ओळीनं मातोश्रींच्या पायांशी गेले. मातोश्री मायेनं म्हणाल्या, 'लेकरायसाठी नेऊन राह्यला का बापा? मंग डबा मांगाचा ना!' आणि मी बावन्न वर्षांचा, गोटा केलेला माणूस, तिथे राखेत बसून हुंदके देऊन रडलो. तेव्हाच ऑपरेशनचं सांगायला हवं होतं. तुम्हाला वाटलं असेल, चोरी पकडली म्हणून रडतोय, किंवा तुमच्या अन्नाचा अपमान करून वर नाटक करतोय. तुम्ही गोठ्याकडे गेलात. तुमच्या जागी मी असतो तर मीही गेलो असतो. (आमच्याकडे गोठा नाही, पण कुठेतरी गेलोच असतो.)

तेव्हा हात जोडून माफी मागतो. रोडगे तुमचे अमृतासारखे दिसत होते. दोष माझ्या भित्रेपणाचा आहे, मुलीचा नाही. आणि एक व्यवहाराची गोष्टही सांगतो, राग मानू नका. या लग्नासाठी मी पोटाचे तीन हिस्से देऊन बसलोय. ते आता परत बसवता येत नाहीत, डॉक्टरांना विचारून पाहिलं. सोयरीक मोडायचीच असेल तर निदान हा विचार करून मोडा.

मातोश्रींना दंडवत, विहीणबाईंना नमस्कार, गोकुळला आशीर्वाद.

आपला, अजून तरी व्याही,
तुळशीराम

ता. क. हे पत्र लिहिल्याचं रेणुकाला माहीत नाही. नऊ दिवसांत तिनं लग्नाचं नावही काढलेलं नाही. घरात गाणी म्हणत फिरते. मन मारून म्हणत असणार.

आणखी ता. क. एक विनंती आहे, ती वर लिहायला हात धजेना. शेजारच्या पंगतीला मी सहा रोडगे खाल्ले असंच वाटतंय ना? मग ते तसंच राहू द्यावं. बीबीला माझं एवढं एक नाव राहू द्या. आता पुन्हा कमावता येणार नाही.

सर्वांत शेवटी ता. क. (संध्याकाळी) पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात रेणुकानं हातातून पत्र घेतलं आणि उभ्या उभ्या वाचलं. मला वाटलं रडेल. ती इतकी हसली, की अन्नपूर्णाबाई लाटणं घेऊन बाहेर आल्या. मग जे कळलं ते तुम्हालाही कळायला हवं. ऑपरेशननंतर मला गुंगी होती तेव्हा तोंडाला मास्क लावून माझे पाय दाबत बसलेला मुलगा वॉर्डबॉय नव्हता. तो आपला गोकुळ होता. (मी त्याला वीस रुपये दिले. त्यानं ते घेतले.) विहीणबाईंना पहिल्या दिवसापासून सगळं माहीत आहे. एक दिवसाआड फोन करून मी किती वाट्या प्यालो ते विचारत असतात. मला सांगितलं नाही, कारण 'बाबा रडतील'. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही गावभर कराल म्हणे.

आणि तुम्ही रागावलेलेही नाही, असं कळतं. रोडगे मला पसंत पडले नाहीत, आता मी सोयरीक मोडतो, असं समजून तुम्ही नऊ दिवस गोठ्यात बसून आहात आणि तुमचं जेवण सुटलंय. साहेबराव, माझ्याच्यानं आता जेवणं होत नाही, तुम्ही तरी जेवा हो. आमच्या मुलीनं ज्या घरात जायचं, त्या घरात एक तरी माणूस पोटभर जेवणारा पाहिजे.

लग्नाची तारीख त्या दिवशी, तुम्ही गोठ्यात आणि मी राखेत असताना, चुलीजवळ बायकांनी काढून टाकली. कार्यालयसुद्धा घेऊन झालंय. कोणती तारीख म्हणून मी आत्ता अन्नपूर्णाबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, 'ऐन वेळी सांगू. तुम्ही दोघं मधात पडू नका.' तुम्हाला कुठून कळली तर मलाही कळवा.