भट्टीत भाजलेली माती

प्रिय लेआंद्रो,

तू शोधलेल्या, मर रोग न लागणाऱ्या हरभऱ्याच्या वाणाला गावात मर लागली, म्हणून तू लाजेनं कोर्दोबाहून जत्रेला येणार नाहीस म्हणे. वेडा कुठला! मी झाडं उपटून पाहिली. मुळं मातीतल्या सूत्रकृमींनी, त्या बारीक किड्यांनी, पोखरलेली. मर आणणाऱ्या बुरशीला वाट त्यांनीच करून दिली.

गावाला पटेना. मग शेतातली माती सातुर्निनोच्या पावभट्टीत भाजून तुझं बियाणं कुंडीत लावलं. हिरवंगार आलं! बारमध्ये सगळ्यांनी तुझ्या नावानं ग्लास उंचावले.

सातुर्निनो तेवढा कानाशी लागला, “अगं कासिल्दा, भट्टीत किडे मेले, मग बुरशी काय जिवंत राहिली? यातून सिद्ध काय झालं?”

“गप्प बस,” म्हटलं, “पोराला घरी यायचंय.”

हे वाचलंस तर यातून काहीच सिद्ध होत नाही, असं तूच बारमध्ये जाऊन सांगशील. म्हणून पत्र राहू दे; फोनवर ‘ये’ एवढंच म्हणेन.

तुझी मावशी,
कासिल्दा