धावपट्टीचे अठ्ठावीस दिवस

१२ ऑक्टोबर, सकाळी ७
ड्राइव्हवे केला तो दिवस आज उगाचच आठवला. लांब लाकडी फळी, एका टोकाला हे, दुसऱ्या टोकाला मी. ओल्या काँक्रीटवर ती फिरवत, सपाटी करत मागे मागे सरकायचे. हे ओरडत होते, "अगं ओढ, ढकलू नकोस!" मी म्हणत होते, मी ओढतेच आहे, तुम्हीच ढकलताय. लेक तेव्हा सात वर्षांची. पायरीवर बसून आमच्या भांडणाची कॉमेंटरी करत होती. हसून हसून शेवटी फळी हातातून सुटली. फाटकापासून गॅरेजपर्यंत पंधरा पावले, पण ऐट अशी की हे त्याला धावपट्टी म्हणत.

असो. आता तिला तीन तडे आहेत आणि मधला तुकडा एका बाजूने दोन बोटे वर आला आहे. दुरुस्ती करायची की उखडून नवीन करायची? आठवड्याभरात निर्णय. भावनेच्या आहारी जायचे नाही. ह्यांना जाऊन दीड वर्ष झाले. मी आता प्रॅक्टिकल बाई आहे.

१३ ऑक्टोबर
कारण लिहून ठेवते, म्हणजे गोंधळ नको. लेक चौदा महिन्यांत आलेली नाही. गेल्या खेपेला तिच्या गाडीचे पोट त्या उचललेल्या कडेला घासले. उतरून म्हणाली, "आई, इथे आलं की दर वेळी काहीतरी फुटतं." खरे तर काही फुटले नव्हते, मी स्वतः वाकून पाहिले. तरी तिचे म्हणणे रास्त आहे. चार तास गाडी चालवत यायचे आणि दारात खडखडाट. रस्ता नीट झाला की येईल.

नणंद दोन घरे सोडून राहते. तिला हे सांगितले तर म्हणाली, "वहिनी, ती गाडीबद्दल बोलत नव्हती." नणंदेला चारचाकी चालवता येत नाही. तिचे मत धरलेले नाही.

१५ ऑक्टोबर
मिस्त्री येऊन गेला. हातोडीने ठिकठिकाणी ठोकून पाहिले. "ऐका काकू. इथे खण्ण. आता इथे ऐका. ठप्प." गच्चीच्या पाइपाचे पाणी मुरून खालची माती वाहून गेली म्हणे. "वरून लिंपून देतो, फोटोत झकास दिसेल. पण खाली पोकळ आहे." किती दिवसांपासून पोकळ, विचारले. म्हणाला, "ते वरून कळत नाही. तडा सगळ्यात शेवटी येतो."
निराशावादी माणूस.

१९ ऑक्टोबर
कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी शाळेत शिकवले तसे पानाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे दुरुस्ती, उजवीकडे नवीन. डावीकडे अकरा कारणे जमली. पुन्हा वाचली तेव्हा त्यातली सात एकच निघाली: ह्यांनी केला आहे. उजवीकडे एकच: लेक.
अकरास एक. निर्णय झाला. दुरुस्ती.

२० ऑक्टोबर
मिस्त्री कशाला? हार्डवेअरच्या दुकानातून तडे बुजवायचे मिश्रण आणले. पाकिटावर सूचना इंग्रजीत, म्हणजे माझ्या हातचा मळ. भेगा ब्रशने साफ केल्या, ओल्या केल्या, स्वयंपाकघरातल्या उलथण्याने भरल्या. वरून केकवर क्रीम फिरवावे तसा हात फिरवला. ह्यांनी पाहिले असते तर म्हणाले असते, फार सुंदर, आता चेरी लाव.

२६ ऑक्टोबर
दूधवाल्याची सायकल गेली आणि मधल्या तड्यातले सगळे एका ढलप्यात बाहेर आले. अख्खे, न तुटता. म्हणजे काम पक्के होते. जागाच वाईट.

२७ ऑक्टोबर
नणंद ढलपा हातात घेऊन पाच मिनिटे हसली. मग एकदम गंभीर. विषय कुठून कुठे नेईल नेम नाही. म्हणाली, "दादा चार दिवस अंथरुणाला खिळलेला, आणि तू पोरीला फोनवर सांगत होतीस, झोपलेत, उठले की बोलतील. ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्याचं काय ते बोल तिच्याशी एकदा."

मी म्हटले, हेच म्हणाले होते, तिला घाबरवू नकोस. शिवाय डॉक्टर पहिल्या दिवशी साधा ताप म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी म्हणाले, जवळच्यांना बोलावून घ्या. पण डॉक्टर काय, म्हणतातच.
"तिला सिमेंट नकोय गं, वहिनी."
मी म्हटले, मग काय, डांबर?
नणंद चहा अर्धा टाकून गेली.

२८ ऑक्टोबर
नवीनच करायचा. हा निर्णय सर्वस्वी माझा.

६ नोव्हेंबर
तोडकाम. मी स्वयंपाकघरात मिक्सर लावून उभी राहिले. वाटायचे काही नव्हते. रिकामाच फिरवला. मिक्सर तापून बंद पडला तेव्हा बाहेरचे कामही थांबले होते.
मिस्त्रीने बोलावून दाखवले. मधल्या तुकड्याखाली मांजर आरामात बसेल एवढी पोकळी. "बघा काकू, तुमचा रस्ता नुसता सवयीनं उभा होता."
रात्री जेवले नाही. भूक नव्हती, बाकी काही नाही.

१० नोव्हेंबर
खाली मुरूम भरून, दाबून, नवे काँक्रीट ओतले. दोघांनी फळी फिरवली. एकदाही भांडले नाहीत. कसले कामगार!
आता क्युरिंग. वर ओली पोती, दोन वेळा पाणी मारायचे. क्युअर म्हणजे बरे करणे. छान शब्द. मिस्त्री म्हणतो, "दहा-बारा दिवसांनी छोटी गाडी चालेल. पूर्ण ताकद मात्र अठ्ठावीस दिवसांनी." सिस्टर म्हणायच्या, अर्धवट स्वाध्याय म्हणजे न केलेला स्वाध्याय. अठ्ठावीस म्हणजे अठ्ठावीस. आठ डिसेंबर.

११ नोव्हेंबर
लेकीला फोटो पाठवला. उत्तरात एक अंगठा. पूर्वी अंगठाही येत नव्हता. प्रगती आहे.

१५ नोव्हेंबर, दुपारी ४
लेकीचा फोन! स्वतःहून! मी म्हटले नव्हते?
म्हणाली, "एकोणीसला येऊ का? जरा बोलायचंय."
एकोणीस म्हणजे नववा दिवस. मी म्हटले, अगं, काँक्रीट कच्चे आहे.
"गाडी बाहेर लावीन, आई."
मग एवढा केला कशासाठी?
"चालत येते की."
पोती ओली आहेत, घसरशील. आठ तारखेला ये, थेट गॅरेजपर्यंत गाडी आण. एवढे दिवस थांबलीस, अजून तीन आठवडे. घाई काय आहे?
मला वाटले रेंज गेली. मग म्हणाली, "बरं. तू म्हणशील तसं."
समजूतदार आहे. ह्यांच्यावर गेली आहे.

२३ नोव्हेंबर
तिच्या खोलीचे पडदे धुतले. पाणी दोन्ही वेळा. आठ तारखेला काय काय बोलायचे त्याची यादी करणार होते. पाइप, मुरूम, मिस्त्री एवढे झाले. पुढचे सुचले नाही.

३ डिसेंबर
नणंद आली. बसली. चहा नको म्हणाली, तेव्हाच कळायला हवे होते.
लेकीला परदेशात नोकरी लागली आहे. निदान तीन वर्षे. रविवारी विमानात बसली. आत्याला एअरपोर्टवरून फोन केला.
मी म्हटले, छे, ती आठ तारखेला येणार आहे.
"वहिनी, ती एकोणीसला निरोप घ्यायला येणार होती."
मी म्हटले, पाण्याची वेळ झाली. उठून पोत्यांना पाणी मारले. मारत राहिले. नणंदेने येऊन नळ बंद केला आणि माझे हात पुसले.

नणंद गेल्यावर लेकीसाठी मोबाईलवर टाइप केले: मला का नाही कळवलंस? पाठवणारच होते. मग वाक्य पुन्हा वाचले. हा प्रश्न विचारायचा हक्क आमच्या घरात तिचा आहे, माझा नाही.
खोडले.

८ डिसेंबर
मिस्त्रीने पोती उचलली, टाच आपटून पाहिली. सगळीकडे खण्ण. "आता ट्रक आणा, काकू."

हे पान फाडून नणंदेला द्यायचे आहे. वाच, आणि लगेच धावत येऊ नकोस. उद्या चहाला ये.

उरलेले अर्धे पोते सिमेंट मिस्त्रीला दे, माझ्याकडे आता बुजवायला काही नाही. नव्या जागेवर तुझी स्कूटर लाव, उगाच बाहेर उन्हात तापते. ह्यांचा करडा स्वेटर तूच घे. तुझा भाऊ होता, आणि त्याचे काही हवे का, हे मी तुला कधी विचारलेही नाही.

सोबत एक जाड पाकीट आहे, ते लेकीला. त्यात ते चार दिवस लिहिले आहेत, एकेक. डॉक्टर दुसऱ्या दिवशी काय म्हणाले तेही. आणि हेही, की मी फोनवर दोनदा "झोपलेत" म्हणाले, तेव्हा दोन्ही वेळा हे जागे होते, आणि कोणाचा फोन म्हणून विचारत होते. पोस्टात तू स्वतः टाक. मी मागायला आले तरी परत देऊ नकोस.

घराची दुसरी किल्लीही तिलाच. पण त्या पाकिटात घालू नकोस, वेगळी पाठव. पत्र फेकून दिले तरी किल्ली तिच्याकडे राहील.