हॅडलीचा परिचय मीच करून देणार

३ जानेवारी, शनिवार
लायब्ररीत चित्रप्रदर्शन. आसावरीने ओढून नेलं. चित्रकार म्हणजे आमच्या समोरच्या घरातला केनेथ हॅडली. सत्तरी ओलांडलेला, मूळचा इंग्लंडमधल्या लीड्सचा, लेकीकडे इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीत येऊन राहिलेला. आजवर मी त्याला निरुपद्रवी समजत होतो.

सगळ्यात मोठं चित्र: ड्राइव्हवेवरचा बर्फ काढणारा माणूस. पाठमोरा, ओणवा. ढुंगण कॅनव्हासच्या मधोमध. डोक्यावर मरून माकडटोपी. खाली नाव, 'बर्फाकडून हरणारा माणूस'.

अख्ख्या मिनेसोटात मरून माकडटोपी एकच आहे. ती माझ्या आईने विणली आहे.

आमची शिवांगी मोठ्यांदा म्हणाली, ओ माय गॉड बाबा, दॅट्स युअर बट! लोकांनी आधी चित्राकडे पाहिलं, मग माझ्या मागे.

सूड घेणार.

४ जानेवारी
झोप नाही. 'सूड' हा शब्द योग्य नाही. मला फक्त न्याय हवा आहे, आणि तो होताना हॅडलीचं तोंड बघायचं आहे. म्हणजे सूडच का? प्रामाणिकपणे सांगायचं तर, हो. असू दे.

ठराव: यापुढे बर्फ अंधारात काढायचा. मॉडेलच मिळालं नाही की चित्रकार संपला.

५ जानेवारी
अंधारात घसरलो. कंबर धरली. ठराव मागे.

९ जानेवारी
संधी चालून आली! इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीला मुलांच्या चित्रकला स्पर्धेचा परीक्षक म्हणून आसावरीने हॅडलीलाच बोलावलंय. (बायको मंडळाची सांस्कृतिक सचिव. मला विचारलं नाही.) पाहुण्यांचा परिचय कोण करून देणार, यावर व्हॉट्सॲपवर नेहमीची शांतता. मी हात वर केला. अध्यक्ष अरुणकाकांचा लगेच फोन. वा संग्राम, म्हणाले, याला मन मोठं लागतं रे! म्हणजे चित्र त्यांनीही पाहिलंय.

परिचय शाल-श्रीफळाच्या आधी असतो. पाहुणा स्टेजवर बसलेला. पळणार कुठे?

११ जानेवारी
हॅडलीचं पूर्वायुष्य खणतोय. लंडनच्या एका पेपरातलं जुनं परीक्षण सापडलं: हॅडलीला माणसं रंगवता येत नाहीत, म्हणून तो त्यांच्या पाठी रंगवतो. आनंदाने दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

१४ जानेवारी
नियम: परिचयात एकही खोटं वाक्य नको. सूड पुराव्यानिशी. अडचण अशी की पुरावे त्याच्या बाजूने निघताहेत. त्या परीक्षणानंतर गॅलरीवाले म्हणाले, चेहरे काढ, विकले जातील. याने गॅलरी सोडली आणि पुढे तुरुंगात कैद्यांना चित्रकला शिकवून घर चालवलं. लिहावं लागलं. बारीक अक्षरात लिहिलं.

१७ जानेवारी
आणखी वाईट. एका मुलाखतीत म्हणतो, माणूस समोरून पोज देतो, पाठीला ते जमत नाही. खरं आहे का ते बाथरूममध्ये दोन आरसे धरून तपासलं. आसावरीने बाहेरून विचारलं, काय चाललंय आत? रिसर्च, म्हटलं.

त्यात ही म्हणे मालिका आहे. पहिलं चित्र 'फाटकाकडून हरणारा माणूस', त्याच्या वडिलांचं. वडिलांच्या रांगेत मला बसवलं, तर सौम्य व्हावं का? बराच वेळ विचार केला. नाही. त्याने वडिलांनाही विचारलं नसणार.

२० जानेवारी
भाषण तयार. कडक, शुद्ध मराठी. 'पार्श्वभागाचे अनन्य उपासक' हे वाक्य त्याला जन्मभर पुरेल. शेवटी त्याच्याकडे बोट दाखवून, "माफी मागा!" आरशासमोर तालीम केली. मलाच त्याची दया आली. तरी काही गाळलं नाही.

२४ जानेवारी, शनिवार
भाषण झालं.

हॅडली पहिल्या वाक्यापासून हसतमुख. 'अनन्य उपासक'ला त्याने मान डोलावली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं की याला मराठी येत नाही. हे मी इतके दिवस विसरलो कसा? परिचय मराठीतच करायचा असतो, म्हणून.

मंडळींना वाटलं, मी प्रेमाने चेष्टा करतोय. टाळ्या. तुरुंगाचा भाग बारीक अक्षरात असल्याने चष्मा लावून सावकाश वाचावा लागला, आणि नेमका तोच ठसला. अरुणकाकांनी डोळे पुसले. "माफी मागा!"ला हॅडलीने स्टेजवर मदतीला म्हणून शेजारी बसलेल्या शिवांगीला विचारलं, काय म्हणतोय? कार्टी म्हणाली, ही इज सेइंग थँक यू.

तो उठून आला. मला मिठी मारली. म्हणाला, आयुष्यभर पाठी रंगवल्या, पण माझ्या बाजूने उभी राहिलेली पाठ ही पहिलीच. त्याच्या हातात तिळगूळ, डोळ्यांत पाणी.

मी म्हटलं, यू आर वेलकम.

२५ जानेवारी
हॅडलीने चित्र भेट दिलं. आसावरीने टीव्हीच्या वर लावलं. सोफ्यावर कुठेही बसा, मी पाठमोरा. उतरवणार आहे. खिळा फार पक्का दिसतो. (ओढून पाहिलेला नाही.)

२७ जानेवारी, सकाळ
रात्रभर बर्फ. हॅडली समोरच्या खिडकीत, मांडीवर स्केचबुक. अजून खोड गेलेली नाही! मुद्दाम साधी टोपी घालून निघालो.

दारातून परत आलो. माकडटोपी घातली.

ड्राइव्हवे साफ झाला. वळून पाहिलं तर त्याचं अजून चाललंच होतं. मग कडेचा थोडा बर्फ परत आत ओढला.